‘आणि मंडळी’ म्हणजे नेमक्या कोण?

जुन्या मराठी तबकड्यांच्या लेबलवर दोन शब्द फार वेळा भेटतात : ‘आणि मंडळी’. कधी ‘आणि पार्टी’, कधी ‘आणि सहकारी’, आणि जागा अगदीच अपुरी असेल तर नुसतेच ‘कोरस’. वर मुख्य गायकाचे नाव ठळक अक्षरात, खाली गीतकार आणि संगीतकार, आणि मग हे दोन शब्द. गंमत अशी की, सुई टेकली की तीन-साडेतीन मिनिटांतली निम्मी-अधिक वेळ ऐकू येतात त्या या मंडळीच. कोळीगीत असो, हळदीचे गाणे असो, गौरीचा फेर असो. मुख्य गायक ओळ टाकतो आणि चार-सहा बायकांचा एकवटलेला आवाज ती झेलतो, फिरवतो, पुन्हा त्याच्या हवाली करतो. त्या झेलण्यातच गाण्याचा सगळा ठसका असतो. लग्नाच्या मांडवात ज्या गाण्यावर आपले आईबाप नाचले, ते गाणे त्यांच्या ध्यानात राहिले ते या झेलणाऱ्या आवाजांमुळे. पण त्या आवाजांची नावे विचारा, कोणालाच सांगता येत नाहीत.

हा प्रश्न हौशी संग्राहकांचा आहे, ज्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे त्यांनी तो सोडवत बसावे, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. साठच्या दशकात ज्या मुली विशी-पंचविशीच्या होत्या त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी ज्या हयात आहेत त्यांना अजून विचारता येते. आणखी दहा वर्षांनी ज्यांना विचारायचे त्याच नसतील. म्हणून हा प्रश्न आपला, घराघरातला आहे. आणि घाईचा आहे.

बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे पेण आणि रोह्याच्या बाजूला गेली. पेण म्हटले की लोकांना गणपती, पोहे आणि पापड आठवतात. रोहे म्हटले की कुंडलिका आणि धावीर महाराजांची पालखी. मला मात्र त्यांच्या जोडीने मंडपवाले आठवतात. त्या काळी लगीनसराईत मंडप, खुर्च्या, कनाती आणि ‘लाऊडस्पीकर’ एकाच माणसाकडून येत. कर्णा नारळाच्या झाडाला बांधला जाई आणि पेटीभर तबकड्यांतून दिवसभर गाणी वाजत. ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या आणि या पेट्या माळ्यावर गेल्या. पुढे घरे पाडली, नवी बांधली, तेव्हा त्या भंगारात निघाल्या. एखाद्या मंडपवाल्याच्या कर्जाचा अर्ज हातावेगळा करता करता मी त्याला सहज विचारावे, “जुन्या तबकड्यांचे काय केलेत?” आणि त्याने पुढच्या खेपेला पाच-दहा तबकड्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणाव्यात, असे बरेचदा झाले. त्यांचे पैसे मी देत असे. बँकेच्या माणसाने फुकट काही घेऊ नये. माझा संग्रह असा जमला आहे. त्यात मोलाचे म्हणावे असे थोडेच. पण ‘आणि पार्टी’ भरपूर.

तबकडी वाचायलाही शिकावे लागते. लेबलवर असतो तो क्रमांक कंपनीच्या सूचीतला, म्हणजे दुकानदाराच्या सोयीचा. त्याहून बोलका क्रमांक असतो लेबल आणि खाचा यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवर. तबकडी तिरपी धरून उजेडात नेली की तो दिसतो. ध्वनिमुद्रण झाले की त्याच्या साच्याला हा क्रमांक मिळे, म्हणून तो गाण्याच्या जन्माशी जास्त जवळचा. त्यावरून एका बैठकीत कोणकोणती गाणी मुद्रित झाली, एखादे गाणे पहिल्या झटक्यात जमले की पुन्हा करावे लागले, हे बऱ्याचदा कळू शकते. आपल्याकडच्या तबकड्यांपैकी बहुतेक मुंबईत गायल्या जात, पण छापल्या जात कलकत्त्याजवळच्या डमडमला. म्हणजे पेणची बाई मुंबईला जाऊन गायची, तिचा आवाज साच्यात बसून बंगालला जायचा आणि काळा गोल होऊन पुन्हा पेणच्या मांडवात यायचा. या सगळ्या प्रवासात आवाजाला क्रमांक मिळाला, नाव मिळाले नाही.

सुरुवातीला असे नव्हते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव खणखणीत उच्चारत. त्या वेळी तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कळायचे नाही, गाणारीण ओळखू यायची नाही. घोटाळा होऊ नये म्हणून ही सोय. पुढे कारखाना १९०८ साली कलकत्त्यात आला, लेबले सुबक झाली, आणि नाव उच्चारण्याची रीत मागे पडली. एकट्या गाणारीचे नाव लेबलवर गेले. घोळक्याने गाणाऱ्यांचे नाव मात्र कुठेच गेले नाही.

माझ्याकडे एक तबकडी आहे. लेबलवर एका गायकाचे नाव ‘आणि पार्टी’सह, प्रकार ‘कोळीगीत’, गीताच्या पुढे ‘पारंपरिक’. नीट ऐकले तर ती मांडणी डळमळू लागते. मुख्य गायक शहरी मराठीत ‘ळ’ स्वच्छ म्हणतो. मागच्या बायका तोच शब्द ‘ल’ने म्हणतात, आणि ‘ड’च्या जागी त्यांच्या तोंडून ‘र’ येतो : घोडा नव्हे, ‘घोरा’. रायगडात वावरलेल्या माणसाला यापुढे फार सांगावे लागत नाही. ही आगरी बोली. शिवाय गाणे होड्यांचे, मासळीचे नाहीच. ते हळदीचे आहे. धवळ्यातला एक तुकडा. म्हणजे लग्नाच्या विधीचे गाणे तोडून, तीन मिनिटांत बसवून, वर ‘कोळीगीत’ अशी चिठ्ठी डकवलेली. समुद्रकाठचे जे जे असेल ते ते कोळ्यांचे, असा शहराचा तेव्हाही समज होता, आजही आहे.

ही तबकडी घेऊन मी पेणच्या खारेपाटात बरीच वर्षे अधूनमधून विचारत राहिलो. एका गावात, एका घराच्या ओटीवर बसलेल्या आजींनी गाणे ऐकता ऐकता पुढची ओळ आधीच म्हटली. मग म्हणाल्या, “आमी पाच जनी गेलो व्हतो.” त्यांच्या आठवणीत कंपनीचे नाव नाही, सालही नाही, थोरल्या मुलाच्या वेळचे पोट होते, एवढे पक्के. त्यावरून साल साधारण लावता आले. खोलीत एकच माइक होता. लाल दिवा लागला की खोकायचेसुद्धा नाही, असे बजावले होते. ज्या बाईचा आवाज सगळ्यांत खडा, तिला सर्वांत मागे, भिंतीपाशी उभे केले. तीच गावची धवलारीण होती. इतर चौघी तिच्या मागून म्हणणाऱ्या. “गानं तिचं, आनि तीच मागं,” आजी हसून म्हणाल्या. गाणे लवकर आटपा, असे सारखे सांगत होते, हेही त्यांच्या ध्यानात होते. येताना प्रत्येकीने बांगड्या भरल्या. मी वही काढून नावे विचारली तर त्या म्हणाल्या, “नाव कनाला पायजे? गानं हाय ना!”

या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो शहाण्यांच्या तोंडूनही येतो. लोकगीत हे कोणा एकाचे नसते, ते समूहाचे. मग नावाचा आग्रह ही शहरी, मालकी सांगणारी वृत्ती नव्हे काय? ऐकायला हे फार छान वाटते. पण वस्तुस्थिती उलटी आहे. गावात धवलारीण कधीच निनावी नव्हती. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत एकेक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. ती नसेल तर लग्न अडते. तिला घरी जाऊन, नावाने बोलावणे करावे लागते. तिचा मान ठरलेला असतो, आणि तो चुकला तर गावभर चर्चा होते. कोणत्या धवलारणीच्या तोंडी कोणता धवळा जास्त चांगला, हे दहा गावांना ठाऊक असते. गाणे सर्वांचे, हे खरे. आवाज मात्र तिचाच. ती निनावी झाली ते तबकडीवर गेल्यावर. ‘आणि पार्टी’ ही परंपरा नाही. तो लेबल छापण्याचा संकेत आहे. आपण त्या संकेतालाच परंपरा समजून बसलो आहोत.

आणि परंपराच पाहायची तर ती आपल्याला लाजवील अशी आहे. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचा मान करतो, त्या महदाइसेची रचना म्हणजे धवळेच. तेराव्या शतकात, ऋद्धिपूरला, गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने तिने ते रचले. महानुभावांनी सातशे वर्षे तिचे नाव सांभाळले. त्यासाठी त्यांच्याकडे पोथ्या आणि पाठांतर एवढीच साधने होती. आपल्याकडे यंत्र होते, छापखाना होता, आकाशवाणी होती, आणि तरीही साठ वर्षांपूर्वी धवळे गाणाऱ्या बायकांची नावे आपल्या हातून निसटली.

‘पारंपरिक’ या शब्दाकडेही जरा बँकवाल्याच्या नजरेने पाहावे लागते. गीत पारंपरिक म्हटले की गीतकार नाही. गीतकार नाही म्हणजे त्याला द्यायचा मोबदला नाही. चाल पारंपरिक, म्हणजे संगीतकारही नाही. मग उरतो मुख्य गायक, आणि ‘मंडळी’ला एकदाच हातावर ठेवलेली रक्कम. मी आयुष्यभर बँकेत पाहिले, की लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला दहा रुपये द्यायचे तरी व्हाउचरवर तिचे नाव लिहावे लागते, शेजारी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ घ्यावी लागते, आणि ओळख देणाऱ्याची सही लागते. ज्या रोह्याशी चिंतामणराव देशमुखांचे नाव जोडलेले आहे, त्या मुलखात तरी हे कोणाला समजावून सांगायला नको. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नोटेवर सही असते म्हणून तो कागद नोट ठरतो. पैशाच्या व्यवहारात आपण नावाशिवाय एक पाऊल टाकत नाही. गाण्याच्या व्यवहारात तेवढे नाव चालते तसे चालवून घेतो.

हा अनुभव आपल्याच वाट्याला आला असेही नाही. अमेरिकेत साठच्या दशकात तीन-तीन, चार-चार मुलींच्या गानवृंदांची लाट आली होती. १९६२ साली ‘ही’ज अ रिबेल’ हे गाणे तिथे पहिल्या क्रमांकावर गेले. तबकडीवर नाव होते ‘द क्रिस्टल्स’ या न्यूयॉर्कच्या मुलींचे. प्रत्यक्षात निर्माता फिल स्पेक्टर याने ते लॉस एंजेलिसमध्ये डार्लीन लव्ह आणि तिच्या ‘द ब्लॉसम्स’ या जोडीदारणींकडून गाऊन घेतले होते. आपण न गायलेले गाणे बिचाऱ्या क्रिस्टल्सना मग शिकून घेऊन रंगमंचावर म्हणावे लागले. डार्लीन लव्हवर पुढे लोकांच्या घरी साफसफाई करण्याची पाळी आली. असेच एकीकडे काम करत असताना रेडिओवर स्वतःचा आवाज ऐकू आला आणि आपण पुन्हा गायलेच पाहिजे असे वाटले, हे तिने स्वतः सांगितले आहे. २०११ साली तिचा ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. तिच्यासारख्या मागच्या रांगेतल्या गायिकांवरच्या माहितीपटाला २०१४ साली ऑस्कर मिळाले.

मला यात जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या देशात हौशी माणसांनी हा धागा कसा शोधला. वादकांच्या संघटनेचे करारनामे, स्टुडिओच्या नोंदवह्या, कोणत्या दिवशी कोणाला किती पैसे दिले याचे कागद, हे त्यांनी हुडकून काढले आणि हयात गायिकांच्या आठवणींशी पडताळून पाहिले. म्हणजे पुन्हा व्हाउचरच! पैशाचा कागद खोटे फार कमी बोलतो.

आपल्याकडे असे काम झालेच नाही असे नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी बँकेतली नोकरी सांभाळून हिंदी चित्रपटगीतांचा गीतकोश रचला. तबकड्यांच्या क्रमांकांसह, एकेका दशकाचा एकेक खंड. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने भारतातल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांची सूची केली. मुंबईत १९९० साली तबकडीसंग्राहकांची संस्था उभी राहिली. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रथम सादर झाले ते माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे अशा अनेकांच्या आवाजांत. तबकड्यांवर ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात आले, आणि आज पुष्कळांना तो एकच आवाज माहीत आहे. तरी ते अनेक आवाज कोणाचे हे आपल्याला सांगता येते, कारण ते नावाजलेले होते आणि कोणीतरी ते टिपून ठेवले. खारेपाटातल्या पाच जणींचे टिपण कोण ठेवणार?

कायद्याने ठेवावे, असे वाटेल. तर कायद्याची गोष्ट ऐका. तबकडीवर आणि तिच्या वेष्टनावर काय छापलेच पाहिजे, हे आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने घातले गेले : ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. यादी इथे संपते. गाणाऱ्याचे नाव तीत नाही! कलावंताचे काही हक्क असतात हे कायद्याने मान्य केले १९९४ च्या दुरुस्तीने. आणि हे सादरीकरण माझे आहे असे सांगण्याचा, आपली ओळख नोंदवली जाण्याचा हक्क आला २०१२ मध्ये. १९६५ साली जी मुलगी वीस वर्षांची होती ती तोवर सदुसष्टची झाली होती.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. १९६१ साली निघालेल्या तबकडीचा हक्क २०२१ च्या अखेरीस संपला. म्हणजे साठच्या दशकातल्या तबकड्या या दशकात वर्षामागून वर्ष सर्वांच्या मालकीच्या होत आहेत. गाणे नवे, चाल कोणाची असेल तर त्यांचे हक्क वेगळे. पण ‘पारंपरिक’ म्हणून छापलेल्या गाण्यांना तीही अडचण नाही. उद्या कोणीही ती घेईल, नवा ठेका लावील, हळदीच्या डीजेवर वाजवील. वाजवावीच, गाणे वाजण्यासाठीच असते. परंतु त्या वेळी ज्या चिठ्ठीसकट ती जगभर जाईल, ती चिठ्ठी ‘कोळीगीत, अमुक आणि पार्टी’ हीच असेल. लेबलवरची चूक आता एका पेटीपुरती राहणार नाही. ती कायमची होईल.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्या काळी बाईचे नाव तबकडीवर जाणे हे सगळ्याच घरांना मानवणारे नव्हते. ‘आणि पार्टी’च्या आड काही जणी स्वखुशीने राहिल्या असतील, सासरी न सांगता गायलेल्याही असतील. त्या आजींनी मला पाचही नावे सांगितली, पण त्यातली दोन छापायची नाहीत असे बजावले. म्हणून मी इथे एकही छापलेले नाही. ती माझ्या वहीत आहेत आणि त्यांच्या घरच्यांच्या संमतीने जिथे जायची तिथे जातील. नाव उघड करणे वेगळे आणि नाव माहीत असणे वेगळे. झाकलेले नाव पुढेमागे उघडता येते. हरवलेले नाव उघडता येत नाही.

मग करायचे काय? सरकारने महामंडळ स्थापावे असे मी म्हणणार नाही. महामंडळाला कार्यालय मिळेपर्यंत आजी राहायच्या नाहीत. पण प्रत्येक तालुक्याला सार्वजनिक वाचनालय आहे, शाळा-कॉलेजे आहेत. पेण, रोहा, अलिबाग, उरण इथल्या वाचनालयांनी एकेक जाड वही घालावी. तीत गाणे, तबकडीचा क्रमांक, गाव, गाणाऱ्यांची नावे, कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला, एवढेच रकाने असावेत. मराठीच्या विद्यार्थ्यांना ‘लोकसाहित्य’ या विषयावर पुस्तकातून उतरवलेले निबंध लिहायला लावण्यापेक्षा एकेका धवलारणीकडे पाठवावे. जुन्या तबकड्या संगणकावर चढवणाऱ्या तरुणांनी लेबलाबरोबर त्या कोऱ्या पट्टीवरच्या क्रमांकाचेही छायाचित्र टाकावे. दोन मिनिटांचे काम आहे.

आणि आपण वाचकांनी? आज रविवार आहे. घरात आजी, आत्या, मावशी कोणी ना कोणी असेलच. “तू कधी रेडिओवर, तबकडीवर, गणपतीच्या मेळ्यात, कुणाच्या मागे गायलीस का?” असे विचारून पाहा. पुष्कळ घरांत उत्तर ‘नाही’ असे येईल, आणि मग गप्पा निघतील त्या निघतील. एखाद्या घरात मात्र क्षणभर शांतता पसरेल, आणि त्या म्हणतील, “एकदा गेलो होतो खऱ्या.” तेव्हा त्यांना मध्येच तोडू नका. आधी वही-पेन्सिल आणा आणि त्यांच्या बरोबर कोण कोण होत्या ते विचारा. पहिले नाव त्या दुसरीचेच सांगतील. आपले नाव शेवटी, तेही विचारले तर.